नत्थूजींच्या कमानी आणि माझ्या पाच सह्या

वाडीच्या नत्थूजींनी आमच्या जीपच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंग, वाईट बसवल्या आणि त्यामुळे आईचं मनगट कायमचं अधू झालं, असं आमच्या घराण्यात आजही सांगितलं जातं. लग्नाकार्यात चार नातेवाईक जमले की कोणीतरी ही गोष्ट काढतं, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते ती जास्त तपशिलाने सांगतात. गोष्ट खोटी आहे. कमानी उत्तम बसवल्या होत्या. खोटेपणा माझा होता, आणि तो मी इतक्या व्यवस्थित केला होता की आजवर त्याला धक्का लागलेला नाही. हे प्रकरण त्यासाठीच लिहीत आहे. परवा माझ्या नातवाने एक जुनी जीप घेतली आणि तिला चार इंच उंच करण्याचं सामान कुरियरने मागवलं. खोक्यातून सुटे भाग निघाले आणि त्यांच्यावर एक कागद निघाला. कागदावर काय लिहिलं आहे ते न वाचता त्याने तो चुरगळून खोक्यात टाकला. ही जीप दर शनिवारी कॉफी प्यायला जाते आणि रविवारी धुतली जाते. मी तो कागद उचलून उघडला. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत, असं त्यात ठळक अक्षरात छापलं होतं. मी तो घडी करून खिशात ठेवला.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, रामदासपेठेत वकिली करीत. लेखी गोष्टीवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावर नव्हता. आणि देवावर जो होता तोही पोथी छापील असल्यामुळे होता. आमच्या घरात दूधवाल्याने दूध कधी नासकं दिलं, धोब्याने कोणत्या शर्टाचं बटण तोडलं, याच्या तारीखवार नोंदी होत्या. नानांनी लष्कराच्या लिलावातून जीप आणली त्याच दिवशी तिच्यासाठी एक रजिस्टर घातलं. ते सुतळीला बांधून पुढच्या सीटमागे लटकवलेलं असे. तेल बदललं, नोंद. हवा भरली, नोंद आणि सही. जीपची प्रकृती पाहायची असली तर नाना बोनेट उघडत नसत, रजिस्टर उघडत.

जीप घेण्याचं कारण म्हणजे खापरखेड्याच्या पलीकडे आमचं थोडं शेत होतं. तिथे जायला गाडवाट होती. बैलगाड्यांच्या चाकांनी काळ्या मातीत दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे मातीचा उंचवटा. जीपच्या कमानी म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांचे एकावर एक रचलेले पोलादी पाटे सपाट होऊन गाडी पोटावर आली होती आणि तो उंचवटा तिला गाडवाटभर खालून खरवडत असे. आई पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची. पोटाखालचा तो खर्रर्र आवाज आणि कमानींचं कुईं कुईं यांच्यामुळे आम्ही येत असल्याचं शेतावरच्या सोकारीला, म्हणजे राखणदाराला, अर्धा मैल आधी कळत असे आणि तो झोपेतून उठून कामाला लागे. जीप उंच केल्यावर शेताचं उत्पन्न का घटलं, हे नानांना कधीच उमगलं नाही.

तर गाडी उंच करायचं ठरलं आणि नानांनी चार जणांची लेखी मतं मागवली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, कमान आणि एक्सल यांच्यामधे सागवानी ठोकळे घालावेत; त्यांच्याकडे जुन्या पलंगाचे खूर शिल्लक होते. आत्याचे यजमान म्हणाले, कमान एक्सलच्या खालून काढून वर बसवा, एकदम पाच इंच मिळतात. ते कधी गाडीखाली वाकलेले नव्हते, पण पाच इंच त्यांनी बोटांनी दाखवले ते साधारण सात होते. नानांचा कारकून म्हणाला, मोठे टायर घाला. आणि चौथं मत माझं. मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे आयुष्यात पुन्हा कधी नसेन इतका सर्वज्ञ होतो. मी दोन फुलस्केप भरून गणित मांडलं आणि ट्रकचे जादा पाटे घालावेत असा निष्कर्ष काढला. त्या गणिताप्रमाणे गाडी उंच झाली असती हे खरं. पण ती इतकी कडक झाली असती की आतल्या माणसांचे दात पडले असते. दातांसाठी माझ्या समीकरणात जागा नव्हती.

ही चारही मतं घेऊन नाना आणि मी वाडीला गेलो. अमरावती रोडवर ट्रकांच्या गोदामांमागे नत्थूजींचा टिनाचा शेड होता. भट्टी, ऐरण, दोन घण आणि भिंतीला टेकून ठेवलेले पाटे. विदर्भातले अर्धे ट्रक त्यांच्या हाताने पाठ सरळ करून गेले होते. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. नाना मतं वाचून दाखवत होते तेवढा वेळ तो जीपभोवती फिरला, एका कोपऱ्यावर हात ठेवून गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग त्याने असं काही विचारलं जे आम्हा चौघांपैकी कोणाला सुचलं नव्हतं.

"वकीलसायब, बसते कोन कोन हिच्यात? अन् सामान किती रायते?"

नाना म्हणाले, "आम्ही चार-पाच माणसं. कधी खताचं पोतं."

"मंग दोन इंच. जास्त नाई."

"दोनच?" मी म्हणालो. "माझ्या हिशोबाने चार निघतात."

"निघतेत ना भाऊ. चार काय, सहा बी निघतेत. पन मंग खालचा दांडा तिरपा होते, ब्रेकचा पाइप तनते, अन् वळनावर गाडी झोक खाते. उंच करनं सोपं हाये. उंच झाल्यावर सरळ चालवनं अवघड हाये." मग नानांकडे वळून म्हणाले, "माह्या बायकोले माहेरी बसवून न्यायची असती त मी दोन इंचच केली असती. तुमची मर्जी."

नानांना हे पटलं. लेखी नव्हतं तरी पटलं, एवढं त्या माणसाच्या बोलण्यात वजन होतं. तीन दिवस मी तिथे जाऊन बसत असे. नत्थूजींनी जुनेच पाटे सुटे केले, एकेक भट्टीत लाल करून घणाने त्याला नवा बाक दिला, पाणी पाजलं, घासले, मधे ग्रीस भरून पुन्हा एकावर एक रचले. दुपारी ते डब्यातून भाकर आणि अंबाडीची भाजी काढत आणि अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवत. मी घरून पुडाच्या वड्या नेत असे. त्या ते खात, आणि आईची चौकशी करीत. चौथ्या दिवशी कमानी एक्सलवर चढल्या. प्रत्येक चाकापाशी चार, असे एकूण सोळा नट त्यांनी स्वतः आवळले. मग नारळ फोडला, आणि शेंदूर तेलात कालवून काडीने प्रत्येक नटावर एक बारीक रेघ ओढली, ती नटावरून थेट खालच्या पट्टीवर येईल अशी.

मी विचारलं, "ही पूजा कशाची?"

"विश्वकर्म्याची बी हाये अन् माही बी. नट फिरला का रेघ तुटते. मले वाकून पायलं का समजते."

"म्हणजे रेघ तुटली नाही की सगळं ठीक?"

ते हसले. "उलटं हाये भाऊ. नवी कमान चालली का बसते. पाटे एकमेकांत दबतेत. नट जागच्या जागी रायते, पन पकड ढिली होते. म्हनून पयल्या पाच खेपा, दर खेपेनंतर हे सोळा नट आवळा लागते. आवळले का जुनी रेघ तुटन. तेल-शेंदूर घेऊन नवी ओढायची. रेघ साबूत रायली म्हंजे कोनी हात नाई लावला."

नानांना दर वेळी वाडीला येणं मान्य नव्हतं. "घरात इंजिनीअर असताना?" ते म्हणाले. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं, आतून त्यांचा लांब दांड्याचा पान्हा आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाच खेपा. इसरू नका, मधुभाऊ. आई बसते तुमची."

जीप आमच्या फाटकात, रस्त्याच्या कडेला उभी असे. त्या रस्त्याने सकाळ-संध्याकाळ कॉलेजच्या मुली सायकलवरून जात. मला नुकत्याच दोन पांढऱ्या पँट शिवल्या होत्या. एवढंच कारण आहे. मी इतकी वर्षं याहून भारदस्त कारण शोधत आलो, सापडलं नाही. गाडीखाली पाठीवर सरपटणं हे मिस्त्रीचं काम आणि मी इंजिनीअर होणार होतो, असंही मनात होतं. पण पँट पांढरी नसती तर कदाचित हे तत्त्व मला आठवलं नसतं. पहिल्या खेपेनंतर नानांनी विचारलं, "आवळले?" मी म्हणालो, "आवळले." ते म्हणाले, "नोंद कर." मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "सोळाही नट आवळले," आणि सही केली. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, फक्त सही पाहिली. पाच खेपा झाल्या, पाच सह्या झाल्या. माझं अक्षर सुंदर होतं. पुढे नोकरीत मी तीस वर्षं तपासणीच्या कागदांवर सह्या केल्या, आणि माझ्या नोंदी किती नीटनेटक्या असतात याबद्दल निरोपसमारंभात माझं कौतुक झालं. मी शाल घेतली आणि खाली बसलो.

सहावी खेप रोडग्यांची होती. शेतावर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, मातीच्या मडक्यात वांग्याची रस्साभाजी, असा थाट. नाना चालवत होते, शेजारी आई, मागे आत्या, तिचे यजमान, मी, वांग्यांची टोपली आणि कणकेचा डबा. गाडी आता पोट न घासता चालली होती. आत्याचे यजमान सांगत होते की पाच इंच केली असती तर आपण ढगातून गेलो असतो. शेताआधी एक नाला आहे, त्याच्या उतारावर डाव्या बाजूने 'टक्' असा एकच आवाज झाला. ढिल्या पकडीत पाटे सरकून मधला बोल्ट तुटला होता. डावं चाक मागे सरकलं आणि नाना स्टिअरिंग उजवीकडे वळवत असताना जीप शांतपणे डावीकडे निघाली, काठावरून घसरली आणि एका बाभळीला टेकून कलंडली. कोणी ओरडलं नाही. वांगी एकामागून एक नाल्यात उतरली. आई पहिलं वाक्य बोलली ते असं: "मधू, कणीक सांडली का बघ." मग तिने डावा हात वर करायचा प्रयत्न केला आणि तो वर येईना.

बैलजोडी लावून जीप ओढून काढली. तात्पुरत्या बोल्टावर, गोगलगायीच्या चालीने, ती घरी आली. आईच्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल पण मनगट पूर्वीसारखं वळणार नाही. नाना रात्रभर रजिस्टर चाळत बसले. सकाळी म्हणाले, "त्या माणसाला बोलावतो. त्याला येऊन पाहू दे." आणि मला शेंदूर आठवला.

नाना स्नानाला गेले तेवढ्यात मी रॉकेलचा डबा आणि चिंधी घेऊन गाडीखाली शिरलो. सोळाही रेघा जशा ओढल्या तशा होत्या, एकही तुटली नव्हती. त्या मी पुसल्या. निःपक्षपातीपणे, चारही चाकांच्या पुसल्या. तो पान्हाही माझ्याजवळच पडला होता. पण आता नट आवळण्यात काही अर्थ नव्हता. पाच वेळा स्वच्छ राहिलेली पँट त्या दिवशी ग्रीसने भरली. आत येऊन हात धूत होतो तेव्हा आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन पाटावर बसली होती.

"मधू," ती म्हणाली, "आज काळे झाले हात."

"पाहत होतो जरा."

 धोब्याकडे नानांचे कपडे जात; माझे तीच धूत असे. त्या दिवशीची पँट तिने मोलकरणीकडे दिली.

नत्थूजी दुपारी आले. आधी आत जाऊन आईला पाहिलं, हात जोडले, मग जीपखाली गेले. मी फाटकाशी उभा होतो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. त्यांनी एक बोट नाकाशी नेलं, हुंगलं आणि धोतराला पुसलं. माझ्याकडे पाहिलं. मग नानांच्या ऑफिसात आले.

नानांनी रजिस्टर टेबलावर उघडलं. "पाच वेळा आवळले आहेत. ही तारीख, ही सही. आता तुम्ही सांगा."

नत्थूजींनी पाचही नोंदींवरून बोट फिरवलं. "मधुभाऊंनं सोता आवळले?"

"सही आहे," नाना म्हणाले.

"सही दिसते सायब. मी मधुभाऊले इचारून रायलो."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मी मान हलवली, होकारार्थी. नत्थूजींनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "ठीक हाये. कमान माही हाये. बाईचा हात मोडला, त बोलनं बी माह्याच अंगावर."

नाना काही दुष्ट नव्हते. कोर्टात जायचं नाही, पैसे नकोत, फक्त लेखी माफीनामा द्यावा, एवढं त्यांनी सांगितलं. त्यांच्या दृष्टीने ही दया होती. त्यांनी मजकूर सांगितला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला बसवलं. मी पहिल्यांदा 'मी' या शब्दाने सुरू होणारं काही गंभीरपणे लिहिलं ते हे: मी नत्थू अमुक, राहणार वाडी, कबूल करतो की निकृष्ट लोखंड वापरून व निष्काळजीपणाने काम करून... नाना वाचून दाखवत गेले. नत्थूजींनी हात वर केला.

"लोखंड खराब लिहू नका सायब. लोखंड चांगलं होतं. त्याचा काई दोष नाई."

"मग काय लिहायचं?"

"काम खराब लिहा."

नानांना हा फरक अनावश्यक वाटला, पण मसुदा दुरुस्त करायची त्यांची तयारी कायम असे. मी 'निकृष्ट लोखंड वापरून व' हे शब्द खोडले, पान फाडलं, पुन्हा स्वच्छ लिहिलं. नत्थूजींनी सही केली. ती माझ्या सहीइतकी सुबक नव्हती. जाताना त्यांनी आपला पान्हा मागितला. मी आणून दिला.

नाना एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण रस्त्यावरून माणसं जातात, त्यांचं काय, असं म्हणून त्यांनी माफीनाम्याची एक प्रत वाडीच्या ट्रकमालकांना जनहितार्थ पाठवली. ट्रकमालक हिशोबी लोक. स्वतःच्या सहीने काम खराब आहे म्हणणाऱ्या माणसाकडे दहा टनांची गाडी कोण नेणार? वर्षाच्या आत भट्टी थंडावली. हे मला आत्याच्या यजमानांकडून कळलं. ते म्हणाले, "बरं झालं. पाच इंच केले असते तर हे झालंच नसतं." आई पोळ्या लाटताना डाव्या हाताचं मनगट पोळपाटावर नुसतं ठेवत असे. पोळ्या एका बाजूला जाड होत. कोणी तक्रार केली नाही, नोंदही झाली नाही.

सात-आठ वर्षांनी, नोकरी लागून लग्न झाल्यावर, मी धीर करून वाडीला गेलो. नत्थूजी दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर घण मारत होते. मला लगेच ओळखलं. चहा सांगितला. मी म्हणालो, "नत्थूजी, ते नट मी आवळले नव्हते. एकदाही नाही."

"माहीत हाये मले. रेघा रॉकेलनं पुसल्या होत्या तुमी. जो आवळते तो रेघा पुसते काहून? नवी ओढते ना."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वकिलाच्या टेबलावर? तुमच्या कागदावर तुमची सही होती, भाऊ. माह्या शेंदरावर कोनाची होती?" ते रागाने बोलले नाहीत, कारण विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. "अन् मले वाटलं, पोरगा हाये, दोन-चार दिसांत सांगन बापाले. तेवढे दिस मी रोज वाट पायली. मंग सोडून देल्ली."

मी म्हणालो, काय करू सांगा. पैसे देऊ म्हणालो, तेव्हा त्यांनी तोंड वळवलं. मग शेडच्या मालकाकडे, आतल्या खुर्चीवरच्या तरुण माणसाकडे हनुवटीने दाखवत हळू आवाजात म्हणाले, "हा मले मोठी कमान बांधू देत नाई. नुसता घण मारा लावते. म्हनते, तुमचा कागद हाये बाप्पा, कोन जोखीम घेईन. तुमच्या वडलांनी फक्त एक डाव इथं यावं, अन् याच्यासमोर म्हनावं का नत्थूचं काम बरोबर होतं. लेखी बी नको. तोंडानं म्हनावं. तेवढं सांगा त्याइले."

"सांगतो," मी म्हणालो. "येत्या रविवारीच सांगतो."

त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

नत्थूजी त्यानंतर सहा वर्षांनी गेले, तोवर ते घणच मारत होते. नाना आणखी चार वर्षं जगले, अगदी ठणठणीत, कान शाबूत, स्मरण शाबूत. रविवारी कोर्टाला सुट्टी असे, आणि ते दिवसभर घरीच असत.